कंसातली गोष्ट

चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं की बाबांचा घसा बसलाय. घसा चांगला ठणठणीत होता. पाण्याच्या टाकीवरून वरच्या बिऱ्हाडाशी रोज सकाळी ते जो आवाज चढवत, तो तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जात होता. बसलं होतं ते दुसरंच काहीतरी, आणि कुणामुळे बसलं हे एकाच माणसाला ठाऊक होतं. ते माणूस म्हणजे त्यांची लेक. घरात ही दोघंच राहत.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं, अर्ध्या शहराच्या नाकावर त्यांनी घासलेल्या काचा आहेत. पाळकसाहेबांना दोन ठिकाणच्या चर्चच्या मंडळ्या सांभाळायच्या असतात, म्हणून महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी उपदेशाला बाबा उभे राहत. गेली चाळीस वर्षं. लेक सत्तेचाळीसची, छापखान्यात मुद्रितशोधक. चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. अशा बाईशी जेवताना जपून बोलावं, पण बाबांना ते कधी जमलं नाही.

त्या दिवशी जेवताना ते रंगात आले होते. "दोन हजार वर्षं! हातांनी उतरवून काढलं लोकांनी बायबल, मिणमिणत्या दिव्यात, आणि एका काना-मात्रेचा फरक नाही. हा चमत्कार नाही तर काय?"

लेकीच्या डोक्यात दुपारीच वाचलेलं पान ताजं होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "बाबा, काना-मात्रा राहू दे. बायबलातल्या नव्या करारात जेवढे शब्द आहेत ना, त्याहून जास्त फरक आहेत जुन्या प्रतींमध्ये."

"कोण म्हणतं?"

"आम्ही छापतोय ते पुस्तक. लिहिणारे प्राध्यापक तुमच्यासारखेच दर रविवारी चर्चला जाणारे आहेत. नास्तिक असते तर तुम्हीच म्हणाला असता, त्यांना काय कळतंय."

बाबांनी चमचा खाली ठेवला. "शब्दांहून जास्त?"

"शब्दांहून जास्त."

ते उठून हात धुवायला गेले. ताटात अर्धं तसंच राहिलं. तिला क्षणभर बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. बापाला वादात गप्प करायचा योग सत्तेचाळीस वर्षांत चारदोनदाच आला असेल. पण ते गप्प झाले ते झालेच. उशाशी असणारं बायबल कपाटाच्या माथ्यावर गेलं आणि त्यावर जुन्या भिंगांचा डबा बसला. पहिल्या रविवारी घसा. तिसऱ्या रविवारी पुन्हा घसा. पुढच्या पाळीला आठ दिवस राहिले असताना त्यांनी तिच्यापुढे एक कागद सरकवला.

"एवढं शुद्धलेखन बघून दे."

पाळकसाहेबांना लिहिलेली चिठ्ठी होती. जे पुस्तक हातात धरून मी चाळीस वर्षं बोललो, त्याच्या मजकुराची मला आता खात्री देता येत नाही, म्हणून उपदेश करणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढावं. तिनं सवयीनं पेन्सिल उचलली. चिठ्ठीत एकही चूक नव्हती.

"बाबा, ही देऊ नका."

"का? तू तर मानतच नाहीस."

"मी मानत नाही ते माझं मी बघेन. तुम्ही न मानलेलं मला चालणार नाही." बोलून गेल्यावर तिलाच नवल वाटलं, पण होतं ते खरं. हा माणूस त्या पुस्तकावर उभा होता, आणि तिनं गंमत म्हणून खालचा पाट ओढला होता.

बाबांनी चिठ्ठी परत घेऊन घडी घातली आणि खिशात ठेवली. मग म्हणाले, "तू चुका शोधण्याचं खातेस. मग शोध. हा मजकूर भरवशाचा आहे की नाही, शनिवारपर्यंत मला सांग. तू सांगशील ते मी मानीन. फक्त म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस. खोटं बोललीस तर मला कळतं."

ते त्यांना खरंच कळायचं.

आता त्या छापखान्याची एक रीत सांगायला हवी, कारण इथेच घोडं पेंड खात होतं. पुस्तक फर्म्याफर्म्यानं तपासायला येतं. एक फर्मा म्हणजे सोळा पानं. मालकांचा हिशेब असा की दोन मुद्रितशोधकांनी तेच ते वाचलं तर पुस्तकाला दुप्पट वेळ लागतो. म्हणून पहिला, तिसरा, पाचवा, सातवा असे विषम फर्मे हिच्याकडे, आणि दुसरा, चौथा, सहावा, आठवा समोरच्या टेबलावर. छापखान्यात तिला विषमबाई म्हणत आणि समोरच्यांना समराव. वीस वर्षं हेच चाललं होतं. तिनं खुनाच्या कितीतरी कादंबऱ्या वाचल्या होत्या, पण निम्म्यांचा खुनी तिला ठाऊक नव्हता. कुणी म्हणालं, बाई तुमचं वाचन दांडगं, की ती म्हणायची, हो, एकाआड एक.

सोमवारी तिनं प्राध्यापकांच्या पुस्तकाचा सातवा फर्मा पुन्हा काढला. पान एकशे बारा, शेवटची ओळ: फरकांची संख्या नव्या करारातल्या एकूण शब्दांहून अधिक भरते. पान संपलं, फर्मा संपला. पुढे काय, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"समराव, या पुस्तकाचा आठवा तुमच्याकडे होता ना? सुरुवात काय आहे हो त्याची?"

समरावांनी फाइल काढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. चष्मा अर्थातच बाबांच्या दुकानातला. "'पण' अशी आहे."

"काय?"

"पहिला शब्द 'पण'. पुढे एक अख्खं प्रकरण आहे, हा आकडा ऐकून लोक का घाबरतात आणि त्यांनी का घाबरू नये यावर."

विषमबाईंचे कान गरम झाले. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हे, आणि इतरांना हीच म्हण ती उठता-बसता ऐकवायची. तिनं आठव्या फर्म्यासाठी हात पुढे केला, पण समरावांनी फाइल छातीशी धरली. समराव स्वतः कुठल्याच देवाला जाणारे नव्हते. देव आपल्या फर्म्यात आला नाही, असं ते म्हणत. पण कुणाला काही पटवायची संधी मिळाली की ती ते सोडत नसत.

"वाचून काय होणार? प्राध्यापक म्हणतात, म्हणून तुम्ही वडिलांना सांगणार. मागच्या वेळीही तेच केलंत. करून बघा."

त्यांनी कपाटातून मालकांच्या हातचा एक जुना कागद शोधला: छपाईचं मशीन धुण्याच्या सूचना. शब्द अठ्ठावन्न. तो कागद तिला न दाखवता त्यांनी सहा जणांकडून हातानं उतरवून घेतला. चौघांना मूळ कागद दिला, दोघांना दुसऱ्याची नक्कल. मग मूळ कागद स्वतःच्या खिशात घातला आणि सहा नकला तिच्यापुढे मांडल्या. "आता सांगा, मालकांनी काय लिहिलं होतं?"

तिनं आधी फरक मोजले. एकसष्ट भरले.

"शब्द अठ्ठावन्न," समराव मिटक्या मारत म्हणाले, "फरक एकसष्ट. शब्दांहून जास्त. आता हा कागद भरवशाचा नाही म्हणून मशीन न धुताच ठेवायचं का?"

ती उत्तर द्यायला थांबलीच नाही. तिला एकदम भूक लागावी तशी उत्सुकता लागली होती. तिनं सहा कागद शेजारी शेजारी लावले आणि पेन्सिल घेतली. एकसष्टातले पन्नास तर फुटकळ निघाले. कुणी ऱ्हस्व, कुणी दीर्घ, कुणी 'मग' आधी घातला, कुणी नंतर; अर्थाला धक्का नाही. उरले अकरा, आणि त्या अकरांत एकेक माणूस दिसायला लागलं. कारकुनांची एक ओळ गळली होती, कारण लागोपाठच्या दोन ओळी 'बंद करावे' यावर संपत होत्या आणि त्यांची नजर वरच्यावरून थेट खालच्यावर घसरली होती. बाइंडिंगच्या मावशींच्या कागदावरही नेमकी तीच ओळ नव्हती. म्हणजे मावशींनी कारकुनांचं पाहून उतरवलं. म्हणजे त्या दोन साक्षी नव्हत्याच, एकच साक्ष दोनदा होती. मालकांनी तर स्वतःचाच मजकूर उतरवताना भाषा सुधारून घेतली होती. सगळ्यांत भरवशाचे निघाले वॉचमन. मशीनचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्यांनी होतं तसं लिहिलं. मूळ कागदावर शाईचा डाग असावा, कारण त्यांनी त्या जागी इमानानं एक डागही काढला होता.

आणि मशीनवाल्याच्या कागदावर एक ओळ जास्त होती: रोलर पुसल्यावर हात धुऊन मगच कागदाला हात लावावा. बाकी पाचांवर ती नव्हती. तिनं ती ओळ खोडली. एका ठिकाणी मात्र ती अडली. रोलर दोनदा पुसायचा की तीनदा? तीन जण दोनदा म्हणत होते, दोघं तीनदा, आणि एकाच्या अक्षरात काहीच धड लागत नव्हतं. तिनं 'दोनदा' लिहिलं आणि भोवती कंस घातला.

"कंस का?" समरावांनी विचारलं.

"इथे माझी खात्री नाही म्हणून. नसलेली खात्री दाखवायची कशी?"

समरावांनी खिशातला कागद काढून तिच्या कागदाशेजारी ठेवला. शब्दाला शब्द जुळत होता. कंसातला 'दोनदा'सुद्धा बरोबर होता. गळलेली ओळ जागेवर होती, डागही होता. तिला टाळी वाजवावीशी वाटली, आणि तिनं वाजवली.

"फरक एवढे का झाले?" समराव म्हणाले. "तर नकला सहा होत्या म्हणून. एकच असती तर फरक शून्य."

"आणि खात्रीही शून्य," ती म्हणाली. "कारकुनांची एकच उरली असती, तर ओळ गळलीय हे कुणाला कळलंच नसतं."

"नव्या कराराच्या तर हातानं उतरवलेल्या प्रती हजारोंनी आहेत. घ्या आता आठवा फर्मा."

ती फाइल घेऊन निघाली तेव्हा मशीनवाला दारात तंबाखू मळत उभा होता. "बाई, माझी ओळ खोडलीत म्हणे."

"कागदावर नव्हती ती, दादा."

"कागदावर नसेल. पण पहिल्या दिवशी मालकांनीच मला सांगितलं होतं, तोंडी. लिहायचं राहून गेलं असेल त्यांचं. बाकी ओळ खोटी नाही हां."

तिनं मान डोलावली आणि बससाठी पळाली.

मंगळवारी आणि बुधवारी तिनं आठवा फर्मा दोनदा वाचला. पहिल्यांदा धावत, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. एकशे तेरापासून दहा पानं ती मनातल्या मनात हसत होती. छापखान्यात जे घडलं तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडलं होतं: नजर घसरणारे, भाषा सुधारणारे, वॉचमनसारखे डागासकट उतरवणारे. प्रती वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या लोकांनी काढलेल्या, म्हणून एकाची चूक दुसरा पकडून देत होता. फुटकळ फरक वजा केले की खरोखर अडणाऱ्या जागा थोड्याच राहत होत्या. शनिवारची वाट कशाला बघायची, आजच बाबांना सांगून टाकू, असं तिला वाटायला लागलं.

एकशे चोविसाव्या पानावर तिचं हसू थांबलं.

मोठे असे दोन उतारे आहेत, प्राध्यापकांनी लिहिलं होतं, जे सर्वांत जुन्या प्रतींमध्ये मिळत नाहीत. एक म्हणजे एका शुभवर्तमानाचा, येशूच्या चार चरित्रांतल्या एकाचा, शेवट. दुसरा म्हणजे व्यभिचाराच्या आरोपावरून दगडांनी मारायला आणलेल्या बाईची गोष्ट. येशू त्या लोकांना आधी स्वतःकडे बघायला लावतो आणि एकेक जण निघून जातो, ती. ही गोष्ट नंतरच्या प्रतींत येते, काही प्रतींत भलत्याच जागी येते. जुनी, खरी आठवण असेलही, पण ज्याच्या शुभवर्तमानात ती छापतात त्या योहानानं ती लिहिली असं म्हणणं अवघड आहे.

सगळं गेलं असतं तरी तिला चाललं असतं, ही एक गोष्ट नको होती.

बारा वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून एका बॅगेनिशी परत आली होती. दुसरा कुणी होता म्हणून आली, असं मंडळीत चार दिवसांत झालं. होता की नव्हता, हे तिला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी तर तिच्या आईला सांगितलं, तिला आता गाणाऱ्यांच्या रांगेत उभं करू नका, बरं दिसत नाही. त्या रविवारी ती शेवटच्या बाकावर बसली. पाळी बाबांची होती. त्यांनी तिचं नाव घेतलं नाही, कुणाचंच घेतलं नाही. त्यांनी ही गोष्ट सांगितली. संपल्यावर एक शब्दही न जोडता ते खाली उतरले, सगळी बाकं ओलांडून मागे आले आणि तिच्या शेजारी बसले. त्यानंतर तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. पुढे आई गेली आणि तिचं चर्चला जाणं सुटलं. भांडण असं काही नव्हतं, शंका वाढल्या आणि सवय मोडली. पण आपण या शहरात मान वर करून चालतो ती त्या एका रविवारमुळे, हे ती कधी विसरली नव्हती. बाबांनी आजवर तिला विचारलंही नव्हतं, दुसरा कुणी होता का.

न सांगायचं म्हटलं असतं तर सोपं होतं. मजकूर भरवशाचा आहे, बाबा, एवढं म्हटलं की काम झालं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण अर्धं सांगून काय होतं ते तिनं नुकतंच पाहिलं होतं. दोन दिवस ती घरात चोरासारखी वावरली.

शनिवारी दुपारचा चहा झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, निकाल तयार आहे. दोन भाग आहेत. पहिला तुम्हाला आवडेल, दुसरा नाही."

"मग दुसरा आधी सांग."

"नाही. क्रमानं. मधलंच तोडून सांगितलं त्याचं हे सगळं झालंय."

तिनं मशीन धुण्याच्या कागदाची हकिगत सांगितली. वॉचमननं डाग काढला तिथे बाबा खो खो हसले. महिन्याभरात ते पहिल्यांदाच हसत होते. मावशींनी कारकुनांची नक्कल मारल्याचं तर त्यांनी तिला दोनदा सांगायला लावलं. "म्हणजे फरक आहेत, म्हणूनच पकडता येतात!" ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर रक्त आलं. तिला वाटलं, इथेच थांबावं.

ती थांबली नाही. तिनं दगडांच्या गोष्टीबद्दल सांगितलं, प्राध्यापकांचं वाक्य जसंच्या तसं. मग पान दाखवावं म्हणून कपाटावरचं बायबल काढलं. ते पान शोधावं लागलं नाही, पुस्तक आपोआप तिथेच उघडलं. अंगठ्यानं कडा काळी झाली होती. आणि तिथे पाहून तिच्याच तोंडून "अरेच्चा" निघालं. गोष्टीच्या सुरुवातीला एक चौकोनी कंस होता, शेवटी दुसरा. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात टीप होती: हा मजकूर सर्वांत जुन्या प्रतींत नाही.

बाबांनी भिंग आणलं. टीप एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. मग पहिल्या पानावरचं साल पाहिलं. ही प्रत त्यांच्याकडे लग्नापासून होती.

"सगळ्या गावाला चष्मे दिले मी," ते म्हणाले.

"दिव्याखाली अंधार," ती म्हणाली, पण हलक्या आवाजात.

"मी ही वाचलीच नाही गं कधी. पाठ होती ना. पान उघडायचो आणि लोकांकडे बघून सांगायचो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मग त्या दिवशी मी तुझ्यासाठी जे बोललो, त्याला पायाच नव्हता म्हणायचा?"

मशीनवाल्याचं 'ओळ खोटी नाही' हे बोलणं तिला आठवलं, पण ते बापाच्या तोंडावर फेकायला तिचं मन धजेना.

बाबाच पुढे बोलले. "पुस्तक बंदच होतं त्या दिवशी माझ्या हातात. मला स्पष्ट आठवतंय."

"उघडं होतं. मध्ये बोट घातलं होतं तुम्ही."

"बंद होतं. आणि मी येऊन तुझ्या डावीकडे बसलो."

"उजवीकडे. डावीकडे आई होती."

"तुझी आई पुढे होती, बायकांच्या रांगेत. बाहेर काय ऊन होतं त्या दिवशी!"

"बाबा, सगळ्यांच्या छत्र्या दारात ठेवलेल्या होत्या!"

आणि तिला हसू फुटलं. "दोन साक्षीदार. दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि चार गोष्टींत मेळ नाही. मग ते झालंच नाही म्हणायचं का?"

"झालं नाही कसं? मी बोललो, मी तुझ्याजवळ येऊन बसलो!"

"बसलात. त्यात आपला दोघांचा फरक नाही. आणि शब्दाला शब्द जुळलं असतं ना, तर मलाच संशय आला असता की आपण ठरवून बोलतोय."

बाबा विचारात पडले. चार शुभवर्तमानं आणि त्यांच्यातले बारीकसारीक फरक त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावेत, कारण मधूनच ते "हं" म्हणत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे तू मानतेस आता?"

"लिहिलं होतं ते आपल्यापर्यंत पोचलंय, एवढं मी सही करून देते. जिथे खात्री नाही तिथे त्यांनी स्वतःच कंस घातलाय, लपवलेलं नाही. लपवणाऱ्यांचे मजकूर मी वीस वर्षं बघतेय, ते असे नसतात. पण लिहिलंय ते खरंच घडलं का, हे नकला ताडून कळत नाही. तो माझा फर्मा नाही, बाबा."

"नाही," ते म्हणाले. "तो माझा." मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. "ही द्यायची की उभं राहायचं, ते मला सकाळी कळेल. तू येशील?"

ती हो म्हणाली.

रविवारी ती शेवटच्या बाकावर बसली. बाबा उभे राहिले तेव्हा चिठ्ठी त्यांच्या वरच्या खिशातून डोकावत होती, आणि तिला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"माझा घसा बसला नव्हता," त्यांनी सुरुवात केली. "मी तुम्हाला खोटं कळवलं. माझा विश्वासच खाली बसला होता." मग त्यांनी सगळं सांगितलं. शब्दांहून जास्त असलेले फरक, सहा नकला, वॉचमनचा डाग. लोक हसले, पुढे सरकून ऐकायला लागले. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळातल्या निवृत्त हेडमास्तरांनी तर वही काढली. मग बाबांनी दगडांच्या गोष्टीबद्दल सांगितलं. ती कंसात आहे. सर्वांत जुन्या प्रतींत नाही. चाळीस वर्षं मी ती तुम्हाला कंस न दाखवता सांगितली, कारण मी खाली पाहिलंच नाही.

आता कुणी हसत नव्हतं. हेडमास्तरांनी हात वर केला. "मग ही गोष्ट काढून टाकायची का?"

बाबांनी चिठ्ठीला हात लावला.

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "ती कुणी लिहिली ते मी सांगू शकत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की एकदा मी ती याच खोलीत सांगितली होती, आणि इथल्या माणसांनी हातातले दगड खाली ठेवले होते. का माझाच तो भ्रम होता? तेव्हा इथे कोण कोण होतं?"

बारा वर्षांत त्या दिवसाबद्दल या खोलीत एक शब्द निघाला नव्हता, आणि आता तो निघू नये असं तिला मनापासून वाटत होतं. तेवढ्यात पुढे ऑर्गनचं स्टूल सरकल्याचा आवाज झाला. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचे केस सगळे पांढरे झाले होते. त्या बाबांकडे पाठ करून वळल्या आणि सरळ शेवटच्या बाकाकडे बघत म्हणाल्या, "मी होते. माझ्या हातात होता. ठेवला मी तो खाली, पण तुला कधी सांगितलं नाही. चुकलं माझं."

तिला रडू आलं, आणि तिनं ते आवरलं नाही. मानणारी ती अजूनही नव्हती, पण ही साक्ष खोटी म्हणायला तिच्याजवळ काहीच नव्हतं.

बाबांनी चिठ्ठी खिशातून काढली आणि पुस्तकाच्या मागच्या पानांत सरकवली. मग चष्मा पुसला, पान उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोकांकडे न बघता, ओळीवर बोट ठेवून, ती गोष्ट वाचायला लागले. कंस उघडतोय, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. शेवटी कंस बंद केला आणि खालची टीपही वाचून दाखवली.